तीन ताटांचं पाकीट

फालेसी : …आणि सकाळपासून बैल जुंपलेले आहेत, डॉक्टर. त्या आंब्याखाली उभे राहून बैल कंटाळले, पण आमच्या वन्सं ओट्यावरून हलायला तयार नाहीत. बरं झालं तुम्हीच फेरीला आलात. आता तुम्ही काय ते सांगा.

एलुबे : बैलांना पाणी दाखव आणि घरी घेऊन जा. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

लास्टन : एलुबे आजी, आधी मला तुमची छाती ऐकू द्या. मिनिटभर बोलू नका.

फालेसी : बोलू नका म्हणे. साठ वर्षांत कुणाला जमलं नाही ते.

एलुबे : तू गप्प बस, म्हणजे त्याला माझी छाती ऐकू येईल. आत्ता तुझीच ऐकू येत असणार.

लास्टन : दोघीही गप्प बसा. …चोवीस, पंचवीस, सव्वीस. मिनिटाला सव्वीस श्वास. सोमवारी तुम्ही आरोग्य केंद्रात आलात तेव्हाही सव्वीसच होते. तापही तेवढाच. उजवीकडे खाली तीच खरखर. म्हणजे वाढलं नाही, पण उतरलंही नाही. आज गुरुवार. गोळ्या लागू पडल्या असत्या तर एव्हाना ताप तरी उतरायला हवा होता.

फालेसी : ऐकलंत ना? तुमचे भाऊ हेच म्हणतात. बहिणीला जिल्ह्याच्या इस्पितळात ने, माझं नाव सांग. त्यांच्या पायाला ती जखम नसती तर स्वतः आले असते उचलून न्यायला.

एलुबे : त्याचा पाय अजून भरला नाही?

फालेसी : भरेल. मोठ्या माणसाची जखम सावकाशीनेच भरते. तुम्ही विषय बदलू नका.

लास्टन : आजी, फालेसीकाकू बरोबर बोलताहेत. छातीतला हा जंतू गोळ्यांना दाद देत नसेल तर सुया द्याव्या लागतील. त्या जिल्ह्यालाच मिळतील. आठवडा लागेल, जास्तीत जास्त दहा दिवस.

एलुबे : दहा दिवस?

लास्टन : बऱ्या होऊन याल.

एलुबे : कशासाठी येऊ? माझ्या मक्याच्या कणसात दूध भरायला लागलंय. तीन आठवड्यांत कणसं भाजण्याजोगी होतील. आत्ताच दिवसा माकडं असतात, रात्री डुकरं, आणि मधल्या वेळेला दोन पायांची जनावरं. मी शेतातल्या राखणीच्या माचीवरून उतरले की चौथ्या दिवशी तिथे नुसती धाटं उभी राहतील. मग मी बरी होऊन येते आणि माझ्या दोन नातींना धाटं वाढते. चालेल?

लास्टन : नातींना कुणीतरी सांभाळेल.

एलुबे : कोण?

फालेसी : मी आहे की. त्यांच्या मामाआजोबांची कणगी काय कुलूप लावायला ठेवलीय?

एलुबे : नको.

फालेसी : बघा. हे असं आहे. दिलेलं घशाखाली उतरत नाही यांच्या.

एलुबे : उतरतं. पण मग वर हापशावर चर्चेला येतं. गेल्या साली तू मला टोपलंभर पीठ दिलंस. रविवारी चर्चमधून बाहेर पडेपर्यंत साऱ्या बायकांना माहीत होतं की ते टोपलं काठोकाठ होतं, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

फालेसी : मी एका बाईला सांगितलं. एका. तेही कौतुकाने.

एलुबे : कौतुक कुणाचं? टोपल्याचं?

लास्टन : काकू, आजी, हे नंतर. मला केंद्रात परत जायचंय, वाटेत अजून चार घरं आहेत. मला गोळ्यांचं पाकीट दाखवा.

एलुबे : कशाला?

लास्टन : उरलेल्या गोळ्या परत घेईन. दुसरं औषध सुरू झालं की त्या कामाच्या नाहीत.

एलुबे : त्या उशाशी बायबलमध्ये आहे. फालेसी, तू नको, त्याला जाऊ दे. तू गेलीस की घर मोजून येशील.

(लास्टन पाकीट चटईवर रिकामं करतो आणि लाल-पिवळ्या कॅप्सूल बोटाने दोन-दोन करून सरकवतो.)

लास्टन : दहा. बारा. …आजी, बारा?

एलुबे : तू मोजल्यास.

लास्टन : सोमवारी दुपारी मी तुम्हाला पंधरा दिल्या. दिवसाला तीन, पाच दिवस. सोमवारी दोन गेल्या असत्या, मंगळवारी तीन, बुधवारी तीन, आज सकाळी एक. सहा उरायला हव्यात. बारा उरल्यात. म्हणजे तुम्ही तीन दिवसांत तीन घेतल्यात.

फालेसी : अगं बाई. कोंबड्यांना घातल्या.

एलुबे : काय?

फालेसी : डॉक्टर, इकडे घालतात. कोंबडी मान टाकायला लागली की कॅप्सूल फोडून पाण्यात मिसळायची. पलीकडच्या वाडीत तर डुकराला दिली होती. डुक्कर वाचलं, माणूस गेला.

एलुबे : कोंबड्यांना घातल्या असत्या तर बारा उरल्या कशा? मोजणीसुद्धा धड करत नाहीस. आणि तीन कोंबड्या होत्या त्या नाताळाआधीच संपल्या.

लास्टन : मग राखून ठेवत होतात? पुढच्या आजारपणासाठी? नातींसाठी? खरं सांगा, मी रागावणार नाही. पुष्कळ लोक तसं करतात. बरं वाटलं की उरलेल्या गुंडाळून छपरात खोचतात.

एलुबे : मला बरं वाटलेलंच नाही. राखू कशाला? जसं तू सांगितलंस, तशाच घेतल्या.

लास्टन : मी दिवसाला एक असं सांगितलं नव्हतं.

एलुबे : नव्हतंस.

लास्टन : मग?

एलुबे : मग काही नाही. जसं सांगितलंस तसं घेतलं.

लास्टन : आजी, मला तुमच्या आरोग्याच्या वहीत नोंद करावी लागेल. जिल्ह्याचे डॉक्टर विचारतात, गोळ्यांनी गुण का आला नाही म्हणून. द्या ती वही.

फालेसी : लिहा, लिहा. म्हणजे तिथे तरी ऐकतील.

एलुबे : काय लिहिलंस ते इकडे कर.

लास्टन : नेहमीचं असतं ते.

एलुबे : मला वाचता येतं, लास्टन. चर्चमध्ये मी बायबलमधली पत्रं वाचते, तू शेवटच्या बाकावर पेंगत असतोस. इकडे कर. …‘रुग्ण सूचना पाळत नाही.’

लास्टन : ते काही वाईट म्हणून नाही—

एलुबे : खोड.

लास्टन : आजी.

एलुबे : खोड ते. चाळीस वर्षं मी बायकांच्या मंडळाचा उपवास मोडला नाही. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही. मला कुणी सांगितलं आणि मी हो म्हटलं, तर मी ते पाळते. माझ्या वहीत खोटं लिहून मला इस्पितळात पाठवू नकोस.

लास्टन : मग बारा गोळ्या कशा उरल्या ते सांगा. मी खोडतो.

एलुबे : सांगणार नाही.

फालेसी : का?

एलुबे : तू बसलीयस म्हणून.

फालेसी : मी? मी काय केलं? मी बैलगाडी घेऊन आले. आपली दोन कामं टाकून.

लास्टन : हे बघा आजी, मी रागाने नाही विचारत. हे औषध अंगात टिकत नाही. पोटातून रक्तात जातं, काही तास जंतूंशी भांडतं आणि लघवीवाटे निघून जातं. म्हणून आठ-आठ तासांनी घ्यायचं. मध्ये खंड पडला की जंतू पुन्हा वाढतात. तुमच्या शेतासारखंच आहे. संध्याकाळी एकदा डबा वाजवून घरी निघून गेलात तर डुकरं थांबतील का?

एलुबे : मला राखण शिकवू नकोस.

लास्टन : नाही शिकवत. म्हणजे तुम्हाला कळतं. मग दिवसातून एकदाच डबा का वाजवलात?

एलुबे : पाकीट उचल. त्यावर काय काढलंयस?

लास्टन : तीन ताटं.

एलुबे : कुणी काढली?

लास्टन : मीच. प्रत्येक पाकिटावर काढतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. एक ताट, एक गोळी. असं तीनदा. वरच्या साहेबांना आवडलं होतं ते.

एलुबे : आणि तोंडाने काय सांगितलंस?

लास्टन : जेवणानंतर एक. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

एलुबे : जेवणानंतर.

लास्टन : हो.

एलुबे : मी जेवणानंतरच घेतली. प्रत्येक जेवणानंतर. एकही चुकवली नाही.

लास्टन : पण मग तीन दिवसांत नऊ…

एलुबे : फेब्रुवारी आहे, लास्टन. जुना मका संपला, नवा अजून शेतात.

फालेसी : …वन्सं?

एलुबे : बैलांना पाणी दाखवलंस का?

फालेसी : वन्सं, दिवसातून एकदा?

एलुबे : संध्याकाळी. पोरींना शाळेत लापशी मिळते, म्हणून त्यांचं भागतं. संध्याकाळी आम्ही तिघी एकत्र बसतो. झालं तुझं समाधान? आता ऊठ आणि हापशावर जा. आज पुष्कळ बायका असतील.

फालेसी : मी कुठे जात नाहीये.

लास्टन : आजी, सकाळी काहीच खात नाही? रात्री खाल्लं की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पोटात काहीच नाही?

एलुबे : असं कोण म्हणालं? सकाळी भोपळा उकडते. या वर्षी भोपळे मायंदाळ आलेत. दुपारी काकडी. परवा दोन रताळी निघाली.

लास्टन : मग ते खाणंच झालं की. भोपळ्यानंतर घ्यायची एक. रताळ्यानंतर एक.

एलुबे : तू कुठल्या देशात जन्मलास? तुझ्या आईकडे व्याही आले आणि तिने पुढ्यात भोपळा ठेवला, हात धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, जेवलात ना, तर व्याही काय म्हणतील?

लास्टन : …उपाशी पाठवलं म्हणतील.

एलुबे : साऱ्या मलावीत न्सिमा ताटात पडल्याशिवाय कुणी जेवल्याचं ऐकलंयस? मक्याचा तो गरम गोळा हातात आला की जेवण. बाकीचं तोंड हलवणं. तुझी बायको तुला विचारते, जेवलात का, तेव्हा तू पावाचे दोन तुकडे मोजतोस?

लास्टन : नाही.

एलुबे : तू म्हणतोस, नाही जेवलो अजून.

लास्टन : हो. असंच म्हणतो.

एलुबे : मग तू ‘जेवणानंतर’ म्हणालास तेव्हा मी काय समजायचं?

लास्टन : केंद्रात रांग असते, आजी. शंभर माणसं, मी एकटा. शिकताना शिकवलं होतं, जेवणाशी बांधून दिलं की लोक गोळी विसरत नाहीत. दिवसाची तीन जेवणं, तीन गोळ्या.

एलुबे : कुणाची तीन जेवणं?

लास्टन : पुस्तकात होती.

एलुबे : तू काल किती वेळा जेवलास? पगारी माणूस आहेस.

लास्टन : …दोनदा.

एलुबे : म्हणजे तुझ्या घरीसुद्धा तिसऱ्या गोळीला जागा नाही.

फालेसी : पण डॉक्टर, मला एक सांगा. उपाशीपोटी घेतली तर काय होतं? पोट जळतं? म्हणून तर आम्ही सगळेच… म्हणजे लोक घाबरतात.

लास्टन : तेच तर. ही गोळी पोट जाळत नाही. हिला जेवण लागतच नाही. अंगदुखीची ती गोळी असते ना, ती जाळते, ती खाऊनच घ्यायची. पण ही पाण्याबरोबर घेतली तरी तेवढीच चालते. भोपळा असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

एलुबे : लागत नाही?

लास्टन : नाही.

एलुबे : मग तू सांगितलंस कशाला?

लास्टन : सवयीने. सगळ्या गोळ्यांना एकच वाक्य. कुणाचं पोट दुखायला नको म्हणून…

एलुबे : मी तीन दिवस सकाळी ते पाकीट हातात घेत होते. छातीत सुरी फिरत होती. पाकीट घ्यायचं, ती तीन ताटं बघायची, आणि परत बायबलमध्ये ठेवायचं. म्हणायचं, अजून जेवण झालं नाही एलुबे, थांब. आणि लागत नव्हतं?

लास्टन : माझं चुकलं.

एलुबे : हे नीट बोललास. आता तेच लिही.

लास्टन : कुठे?

एलुबे : वहीत. जिथे मी सूचना पाळत नाही असं लिहिलंस, ते खोड आणि लिही, रुग्णाने सूचना पाळली, सूचना चुकीची होती.

लास्टन : आजी, असं लिहायला त्यात रकाना नसतो.

एलुबे : समासात लिही. समास कशाला सोडतात?

लास्टन : वरचे साहेब बघतात ती वही.

एलुबे : बघू देत. ताटं आवडली होती ना त्यांना?

फालेसी : लिहा हो डॉक्टर. या बाईला मी अठ्ठावीस वर्षं ओळखते. तुम्ही लिहिल्याशिवाय आज तुमची मोटारसायकल सुरू व्हायची नाही.

लास्टन : …लिहिलं. बघा. ‘जेवणानंतर घेण्यास सांगितले. घरी दिवसातून एक जेवण. दोष सांगणाऱ्याचा.’

एलुबे : एक जेवण लिहायची गरज नव्हती.

लास्टन : ते नाही लिहिलं तर बाकीचं कळणार नाही.

एलुबे : असू दे मग. खरं आहे ते. आता इस्पितळ राहिलं. गोळ्यांनी गुण आला नाही म्हणून तू मला पाठवत होतास. गोळ्या मी घेतल्याच कुठे? आधी घेऊ तर दे.

लास्टन : मीही तेच म्हणतोय. पण माझ्या अटी आहेत.

एलुबे : सांग.

लास्टन : एक आत्ता, माझ्यासमोर. आणि आजपासून पाच दिवस पुन्हा पहिल्यापासून. कमी पडतील त्या तीन मी देतो. पण आठ-आठ तासांनी. घड्याळ आहे घरात?

एलुबे : नाही. सकाळी चर्चची घंटा होते. ती लोखंडी कडी वाजवतात ती. तेव्हा मी गुडघे टेकते. तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा गेलेला नसतो. आजवर देवाने मला विचारलं नाही, जेवलीस का म्हणून. मग त्याने दिलेल्या गोळीने कशाला विचारावं? पहिली तेव्हा.

लास्टन : सहाला. बरोबर. दुसरी दोनला हवी.

एलुबे : मोठीची शाळा सुटते तेव्हा. ती घरात पाऊल टाकते आणि ओरडते, आजी, काय आहे. मी म्हणेन, गोळी आहे.

लास्टन : तिसरी दहाला.

एलुबे : डुकरं येतात तेव्हा.

लास्टन : डुकरांच्या वेळेवर औषध?

एलुबे : तुझ्या मोटारसायकलपेक्षा वक्तशीर आहेत ती. मागच्या महिन्यात तू मंगळवारी येतो म्हणालास आणि शुक्रवारी आलास. डुकरांनी अजून एकदा उशीर केलेला नाही.

लास्टन : पण माचीवर तुम्ही नाही जायचं. ही माझी दुसरी अट. या छातीने रात्रीच्या ओलीत बसायचं नाही. निदान रविवारपर्यंत.

एलुबे : मग झालंच. मी घरात निजते आणि डुकरं माझ्याऐवजी गोळी घेतात.

फालेसी : मी बसते माचीवर.

एलुबे : तू?

फालेसी : मी आणि माझी थोरली. डबा वाजवायलाच हवा ना? आवाजाचंच काम आहे. तुम्हीच तर म्हणता माझ्या आवाजापुढे छाती ऐकू येत नाही.

एलुबे : डुक्कर बघून तू डुकराच्या आधी पळशील.

फालेसी : पळेन. पण ओरडत पळेन. डुक्कर दुसऱ्या बाजूला पळेल.

लास्टन : हे ठरलं. तिसरी अट. मी शनिवारी सकाळी येतो. शनिवारीच, आजी, हसू नका. श्वास तीसच्या वर गेले, किंवा बोलताना धाप लागली, ओठ काळपटले, किंवा तुम्ही काहीतरी भलतंच बरळायला लागलात, तर शनिवारची वाट बघायची नाही. तेव्हा वाद नाही. सरळ गाडी.

फालेसी : भलतं बरळणं ओळखायचं कसं यांच्या बाबतीत?

एलुबे : मी तुझं कौतुक करायला लागले की समज.

लास्टन : आजी, हो म्हणा.

एलुबे : हो. म्हटलं. आणि मी हो म्हटलं की पाळते, ते तुझ्या वहीत लिहिलेलं आहे. पाणी दे ते. …झालं. गेली. जेवण नाही, काही नाही. आणि आता ते पाकीट आण. ताटं खोड त्यावरची.

लास्टन : काय काढू मग?

एलुबे : सूर्य काढ. उगवता एक, कललेला एक. आणि एक चांदणी. ते सगळ्यांच्या घरी येतात, फेब्रुवारीतसुद्धा. …लास्टन, अशी ताटांची पाकिटं तू आणखी किती दिलीस?

लास्टन : या पंधरवड्यात?

एलुबे : या डोंगराखाली.

लास्टन : वीस-बावीस असतील. खोकल्याची. कानाची. दोन बाळंतिणी आहेत. मुलांना पातळ करून द्यायच्या गोळ्या दिवसातून दोनदाच असतात, पण त्यांच्याही पाकिटावर… त्यांच्यावर दोन ताटं काढली.

एलुबे : त्या घरांतून कोण तीनदा जेवतं?

लास्टन : कुणी नाही.

एलुबे : दोनदा?

लास्टन : शिक्षक जेवत असतील.

एलुबे : मग तू इथे काय बसलायस? वाटेत चार घरं आहेत म्हणालास ना? चार नाहीत, बावीस आहेत.

लास्टन : निघतो. पेट्रोल पुरलं तर…

एलुबे : नाही पुरलं तर पाय आहेत. आणि घरात शिरताना ‘किती वेळा जेवता’ असं विचारू नकोस. कुणी सांगणार नाही. सगळे तीनदाच म्हणतील. नुसतं सांग, ही गोळी पाण्याबरोबर घ्यायची, मी आधी चुकीचं सांगितलं होतं. आपली चूक पुढे केलीस की त्यांची झाकली जाते.

लास्टन : बरं, आजी.

फालेसी : डॉक्टर. जरा थांबा. …ती जखमेची गोळी. काळ्या टोपणाची. तीही अशीच असते का? पाण्याबरोबर चालते?

लास्टन : कुणाची? काकांच्या पायाची? ती वेगळी. ती तर रिकाम्या पोटीच चांगली लागू पडते. खाण्याआधी तासभर तरी. दिवसातून चारदा.

फालेसी : तुम्ही जेवणानंतर म्हणाला होतात. चार ताटं काढली होतीत.

लास्टन : मी… हो. काढली असतील. पण काकांकडे तर अडचण नसणार. तुमची कणगी—

फालेसी : अठ्ठावीस दिल्या होत्यात. आठवडा झाला. एकवीस उरल्यात.

लास्टन : एकवीस?

फालेसी : मी रोज मोजते. ते म्हणतात, जेवण झाल्यावर दे. मी म्हणते, हो.

एलुबे : फालेसी. कणगी?

फालेसी : बाहेरून बघतात तिथवर आहे, वन्सं. वरचा थर. खाली कोंडा आहे. जानेवारीपासून. ते म्हणाले, मी या वाड्यांचा मामा, सगळ्यांचा कर्ता, माझ्याकडे बघून लोक धीर धरतात, कुणाला कळता कामा नये. म्हणून आज बैलसुद्धा धुऊन आणलेत.

एलुबे : आणि माझ्या पोरींना तू काय वाढणार होतीस?

फालेसी : आमच्यातलं. आता तुमची पाळी. हापशावर सांगा जाऊन. कणगी काठोकाठ नाही म्हणावं.

एलुबे : लास्टन, तू आधी माझ्या भावाकडे जा. बाकीची घरं नंतर. तो खुर्चीवर ताठ बसेल आणि म्हणेल, मी वेळेवर घेतो. तू म्हण, मामा, माझं चुकलं. रिकाम्या पोटी घ्यायची होती. त्याला ते आवडेल. त्याचा मान राहील.

लास्टन : जातो. शनिवारी सकाळी, आजी.

एलुबे : बघू, आधी कोण येतं, तू की डुकरं.

फालेसी : मीही निघते. रात्री थोरलीला घेऊन येते माचीवर. …पण वन्सं, तुम्हाला न्यायला म्हणून गाडी साऱ्या गावासमोरून आणली मी. आता रिकामी कशी नेऊ?

एलुबे : रिकामी कशाला? त्या कोपऱ्यात भोपळे आहेत. मोठे सहा घाल गाडीत.

फालेसी : तुमच्या पोरींचं खाणं आहे ते. मी नाही घेणार.

एलुबे : घे. जेवण नव्हे ते.